गाडीच्या चावीचा धंदा करायचाय? मशीन नंतर घ्या, नोंदवही आधी घ्या



गाडीच्या चावी आणि रिमोटच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, कोणती मशीन घेऊ?" कुणाला ती हप्त्यावर हवी आहे, कुणाला दिल्लीहून स्वस्तात मागवायची आहे, कुणाला सगळ्या गाड्या करणारी एकच पाहिजे. पण "समोर उभा असलेला माणूस गाडीचा खरा मालक आहे हे ओळखायचं कसं?" असं विचारणारा अजून एकही भेटला नाही.

म्हणून आज मशीनचं नाव सांगणार नाही. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ह्या धंद्यात तुमचं खरं भांडवल म्हणजे नोंदवही. मालकीचा पुरावा बघितल्याशिवाय आणि नोंद केल्याशिवाय एकही चावी बनवायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळता येत असेल तरच ह्या धंद्यात या. जमत नसेल तर दुसरा धंदा बघा. मी हे इतकं ठामपणे का म्हणतोय ते समजायला आधी चावी आतून कशी चालते ते बघू.

एका चावीत तीन चाव्या असतात

पहिली लोखंडाची. कुलूप फिरवणारं पातं. जुन्या गाड्यांत कडेला दाते असतात, नव्या बऱ्याच गाड्यांत पात्याच्या बाजूवर नागमोडी खाच असते. ही कटिंग मशीनवर कापली जाते. फुटपाथवरचा चावीवाला वर्षानुवर्षं कानस घेऊन जे करत आला, ते हेच काम.

दुसरी चिपची. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक छोटा तुकडा असतो. त्याला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते, ती चिपला जवळून ऊर्जा देते आणि चिप आपली ओळख पटवते. ओळख पटली तरच इमोबिलायझर इंजिन चालू राहू देतो. मारुतीच्या गाड्यांवर 'आयकॅट्स' असं लिहिलेलं दिसतं ना, ती हीच व्यवस्था. म्हणून नुसतं पातं कापून बनवलेल्या डुप्लिकेटने अशा गाडीचा दरवाजा उघडतो, पण इंजिन लागत नाही.

तिसरी रिमोटची. बटण दाबलं की दरवाजे लॉक-अनलॉक होतात, ते काम हिचं. हिला सेल लागतो, बऱ्याचदा सीआर २०३२ हा गोल बटण सेल. आपल्याकडे बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. चांगल्या रिमोटमध्ये दर वेळी बटण दाबल्यावर कोड बदलतो, म्हणजे कुणी हवेतला सिग्नल पकडून ठेवला तरी तो पुन्हा वापरता येत नाही. पुश बटण स्टार्टच्या स्मार्ट कीमध्ये ही सगळी कामं एकत्र केलेली असतात.

ह्यातून धंद्याचा पहिला धडा घ्या. गिऱ्हाईक म्हणेल, "रिमोट गेला, नवीन बनवून द्या." तुम्ही आधी सेल बदलून बघा. सेलवर काम भागलं तर सेलचेच पैसे घ्या. त्या दिवशी एक रिमोट कमी विकला जाईल, पण तो माणूस चार जणांना तुमचं नाव सांगेल.

प्रोग्रामिंग म्हणजे गाडीच्या वहीत नाव चढवणं

नवीन चिप नुसती चावीत बसवून चालत नाही, ती गाडीला ओळखीची करून द्यावी लागते. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ओबीडीचं सॉकेट असतं. मशीन तिथे जोडायची, गरज असेल तिथे पिन कोड द्यायचा आणि नव्या चिपची नोंद गाडीच्या मेमरीत करायची. जुनी चावी हरवलेली असेल तर तिची नोंद पुसून टाकायची. ज्या गाड्यांत काम सोपं असतं तिथे हे काही मिनिटांत होतं.

आता जरा थांबा आणि ह्याचा अर्थ लक्षात घ्या. एखाद्याने आयुष्यभराची बचत घालून, डोक्यावर पाच-सात वर्षांचे हप्ते घेऊन गाडी घेतली. त्या गाडीत दुसऱ्या कुणाची चावी चालू करण्याची आणि मालकाच्या स्वतःच्या खिशातली चावी बंद करण्याची ताकद तुमच्या हातातल्या डब्यात आहे. हे बँकेच्या लॉकरची चावी बनवण्यासारखं काम आहे बघा.

चिपची भिंत किती महत्त्वाची असते ते अमेरिकेत दिसलं. तिथे गाडीत इमोबिलायझर असलाच पाहिजे असा कायदा नाही. किया आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२१ च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्या तिथे इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. पुढे त्या गाड्या कशा चालू करायच्या ह्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर पसरले आणि शहराशहरांत त्या चोरीला जाऊ लागल्या. कंपन्यांना सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं, आणि २०२३ मध्ये मालकांशी तडजोड करून भरपाईची तयारी दाखवावी लागली. एक छोटी चिप नसल्याचा हा परिणाम. आपल्याकडे ती चिप आहे आणि तिच्यातून आत जायचा अधिकृत रस्ता म्हणजे शोरूम किंवा तुम्ही. शोरूम कागद मागतं. तुम्ही मागणार का, हाच प्रश्न आहे.

कागद बघायचे म्हणजे नेमकं काय करायचं

"आरसी दाखवा" म्हणून नुसती नजर फिरवण्याला पुरावा बघणं म्हणत नाहीत. झेरॉक्सवर कुणीही काहीही छापू शकतं. माझ्या मते किमान एवढं व्हायलाच हवं:

१. आरसी मूळ असावी, नाहीतर गिऱ्हाइकाने तुमच्यासमोर स्वतःच्या फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन उघडून दाखवावी. फोनमधला स्क्रीनशॉट चालणार नाही.

२. आरसीवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या लायसन्सवरचं नाव व फोटो जुळले पाहिजेत.

३. गाडीवर कोरलेला चॅसी नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. नंबर प्लेट बदलायला चार स्क्रू पुरतात, चॅसी नंबर बदलणं इतकं सोपं नाही.

४. बऱ्याच नव्या गाड्यांत हाच नंबर स्कॅनरवरही वाचता येतो. कागद, पत्रा आणि कॉम्प्युटर असे तीन ठिकाणचे नंबर सारखे असतील तर काम हातात घ्या. एक जरी वेगळा निघाला तर मशीन काढून ठेवा.

५. नोंदवहीत तारीख, वेळ, गाडी नंबर, चॅसी नंबर, मालकाचं नाव, मोबाईल, केलेलं काम, काम झाल्यावर गाडीत किती चाव्या चालू राहिल्या ते, आणि गिऱ्हाइकाची सही. मोबाईल नंबर लिहिला की लगेच तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन तपासा.

एक सूचना. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा दुकानात साठवू नका. लोकांचे कागद सांभाळायची जबाबदारीही तुमच्यावर येते. लायसन्स बघून त्याचा नंबर लिहून घेतला तरी काम भागतं.

खरी परीक्षा इथे आहे

मालक स्वतः कागद घेऊन आला तर प्रश्नच नाही. पण दुकानात रोज येणारी माणसं अशी सरळ नसतात. चार प्रसंग सांगतो, आधीच ठरवून ठेवा काय करायचं ते.

*"गाडी वडिलांच्या नावावर आहे."* मुलगा खरं बोलत असेल, पण घरातल्या वाटण्या आणि भांडणंही खरी असतात. वडिलांना व्हिडिओ कॉल लावा, त्यांच्या तोंडून होकार घ्या, आणि कॉल कुठल्या नंबरवर झाला ते वहीत लिहा. नवरा-बायको, दीर-भावजय, भाऊ-भाऊ, सगळ्यांना हाच नियम. "घरचीच गाडी आहे हो" हे वाक्य पुरावा म्हणून धरायचं नाही.

*"साहेबांनी पाठवलंय."* ड्रायव्हर आलाय, साहेब मुंबईत आहेत. साहेबांचा फोन आणि त्यांच्याच नंबरवरून लेखी मेसेज आल्याशिवाय काम नाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लेटरहेडवर पत्र.

*"जुनी घेतली आहे, अजून नावावर झाली नाही."* गावाकडे हे फार. अशा वेळी आधीच्या मालकाची सही असलेले फॉर्म २९ आणि ३० बघा आणि आधीच्या मालकाला फोन करा. तो "हो, विकली मी" म्हणाला तर पुढे जा. त्याचा नंबर गिऱ्हाइकाकडे नसेल तर तुमच्याकडे चावी नाही.

*"फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली आहे."* हप्ते थकलेली गाडी उचलली, चावी मूळ मालकाकडेच राहिली, आता चावी पाहिजे. इथे भले भले फसतात, कारण रोख पैसे चांगले मिळतात आणि एकदम पाच-सात गाड्यांचं काम येतं. आरसीवर ज्या बँकेचा बोजा आहे त्या बँकेचं, त्या गाडीचा नंबर लिहिलेलं पत्र हातात आल्याशिवाय हात लावू नका. आणलेल्या माणसाचं ओळखपत्र नोंदवा. पत्र "उद्या देतो" म्हणाला तर चावीही उद्या.

आणि रात्री अकरा वाजता कुणी दुप्पट पैसे देतो, फक्त नोंद नको म्हणाला, तर उत्तर एकच. "नाही जमणार दादा." हे वाक्य आरशासमोर उभं राहून म्हणून बघा. हसू नका, खरंच म्हणून बघा. पैशाची गरज असताना ते तोंडातून निघणं सोपं नसतं.

"पण सर, गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाईल"

जाईल, काही जण नक्की जातील. सुरुवातीच्या महिन्यांत हे झोंबेल, मी खोटं सांगणार नाही. दुकानाचं भाडं चालू, मशीनचा हप्ता चालू आणि समोरचा म्हणतोय, "तिकडे काही विचारत नाहीत."

तरी माझं मत बदलत नाही. ज्या गिऱ्हाइकाला नोंद नको आहे, त्याच्या कामातून मिळणारा पैसा तुमचा नसतो, तो उधारीवर घेतलेला धोका असतो. पुढे ती गाडी कुठल्या गुन्ह्यात सापडली आणि तपास तुमच्या दारापर्यंत आला, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? वही असेल तर तुम्ही मदत करणारे साक्षीदार. वही नसेल तर तुम्हीच सिद्ध करत बसा की तुम्हाला काही माहीत नव्हतं.

आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाचं काय होतं? त्याला कागद मागितल्याचा राग येतो असं आपल्याला वाटतं. त्याला फक्त सरळ सांगा, "ताई, उद्या तुमच्या गाडीची चावी दुसरं कुणी बनवायला आलं, तर त्यालाही मी हेच विचारणार." ह्या एका वाक्यानंतर माणूस स्वतःहून फोन काढतो.

नोंदवहीतून पैसा कसा येतो

आता धंद्याचं बोलू. ही वही फक्त पोलिसांना दाखवायची वस्तू नाही.

पहिलं, विमा. गाडी चोरीला गेली आणि क्लेम टाकला की विमा कंपन्या गाडीच्या मूळ चाव्या मागतात. एक चावी कमी असेल तर प्रश्न सुरू होतात. ती कधी हरवली, कळवलं का, नवीन कधी केली? म्हणून चावी हरवून आलेल्या प्रत्येकाला सांगा की आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि माझं बिल जपून ठेवा. तारखेचं, गाडी नंबराचं, "जुन्या चावीची नोंद पुसली" असं लिहिलेलं पक्कं बिल उद्या त्याच्या कामी येऊ शकतं. काही पॉलिसींत चावी बदलण्याच्या खर्चाचं वेगळं कव्हरही असतं, तिथेही बिल लागतंच. टपरीवरची बिनबिलाची चावी इथे कमी पडते.

दुसरं, जुन्या गाड्यांचा बाजार. जुनी गाडी घेणारा इंजिन बघतो, टायर बघतो, चाव्या किती आहेत ते विसरतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावला की किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. गिऱ्हाइकाच्या हातात दोन आणि गाडीत नोंद तीनची, तर तिसरी कुणाच्या खिशात आहे? "जुनी गाडी घेतलीत? चाव्या तपासून घ्या" ही पाटी लावा. तपासणीचे वेगळे पैसे घ्या, नको असलेली चावी पुसायचे वेगळे. नवीन ब्लँकचा खर्च नाही, कमाई मात्र आहे.

तिसरं, दुसरी चावी. वहीत ज्यांच्याकडे एकच चावी चालू आहे अशांची यादी आपोआप तयार होते. एक चावी हातात असताना दुसरी करणं सोपं असतं, सगळ्या हरवल्या की काम अवघड आणि महाग होतं. हिशोबापुरतं धरा, दुसरी चावी ३,००० रुपयांत होते आणि सगळ्या हरवल्यावर तेच काम ८,००० चं, वर गाडी ओढून आणायचे २,५०० वेगळे. म्हणजे ३,००० आणि १०,५००. हा फरक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवा. घाबरवू नका, फक्त आकडे दाखवा.

चौथं, मोठं काम. टूर्सवाले, शाळेच्या व्हॅनवाले, गॅरेज, जुन्या गाड्यांचे डीलर. ह्यांच्याकडून नियमित काम येतं, पण ते अशाच माणसाला देतात ज्याचं बिल आणि रेकॉर्ड नीट आहे.

मशीनबद्दल, आता थोडक्यात

वही तयार झाली? मग मशीन. सगळ्या गाड्या करणारी मशीन शोधू नका. आधी आठवडाभर तुमच्या तालुक्यातल्या चार गॅरेजवर जाऊन कुठल्या पाच-सहा गाड्या जास्त फिरतात ते लिहून आणा. तेवढ्यांचं काम पक्कं करणारी मशीन आणि तेवढ्यांच्याच ब्लँक घ्या. नाहीतर ब्लँकमध्ये पैसा अडकून बसतो.

नावाजलेल्या मशीनची नक्कल स्वस्तात मिळते, ती टाळा. अपडेट थांबले की ती नव्या गाड्यांना कामाची राहत नाही आणि अर्धवट बंद पडली तर गाडी दारात उभी. प्रोग्रामिंग चालू असताना गाडीची बॅटरी उतरली तरी घोटाळा होऊ शकतो, म्हणून व्होल्टेज स्थिर ठेवणारा सप्लाय सोबत ठेवा. समजा एका चावीमागे खर्च जाऊन तुम्हाला १,२०० उरतात आणि एका गाडीचं कंट्रोल युनिट बिघडून १८,००० भरून द्यावे लागले. म्हणजे १५ चाव्यांची मेहनत पाण्यात. म्हणून सुरुवातीला दुसऱ्या चावीची कामं घ्या, सगळ्या चाव्या हरवलेल्या गाड्या हात बसल्यावर.

भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा कर्जात ५०,००० पर्यंत 'शिशु' आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' असा गट आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

ह्या आठवड्याचा गृहपाठ

जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही आणा, रकाने आखा. बिलबुक छापून घ्या. वर सांगितलेले चार प्रसंग आणि त्यांची उत्तरं एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेरच्या बाजूला पाटी लावा: "आरसी आणि ओळखपत्राशिवाय चावी बनवून मिळणार नाही." मग तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जा, ओळख करून द्या, सांगा की साहेब, मी हा धंदा सुरू करतोय आणि अशी अशी नोंद ठेवणार आहे.

आणि मग स्वतःच्या घरच्या गाडीपासून सुरुवात करा. चॅसी नंबर शोधा, आरसीशी जुळवा, वहीत पहिली ओळ लिहा. ती ओळ लिहिताना हात अडखळला नाही तर मशीनचं बोलू. पुढच्या व्हिडिओत दुसऱ्या चावीचे दर कसे ठरवायचे ते घेतोय, तोपर्यंत रकाने आखून ठेवा.